माईंच्या हॉलमधला गोल्फ क्लब

"काका दिसत नाहीत हल्ली सकाळी गोल्फ क्लबवर?" मी कुंपणाच्या भिंतीवरून विचारलं.

"गोल्फ क्लबवरच आहेत की," माई म्हणाल्या. "पाच वाजल्यापासून. हॉलमध्ये."

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे गोल्फ क्लब म्हणजे मैदान. कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथं रणजीचे सामने होतात आणि भोवतीच्या ट्रॅकवर निम्मं शहर गुडघे सांभाळत चालतं. गोल्फ कुणी खेळत नाही. काका गेली पंधरा वर्षं तिथं न चुकता फेऱ्या मारायचे. त्यामुळे त्यांचं न दिसणं ही भिंतीवरची बातमी होतीच.

माई कढीपत्ता तोडायला आल्या होत्या. झाड त्यांचं, फांद्या माझ्याकडे, त्यामुळे हे तोडणं रोज पाचदहा मिनिटं चालतं. आज अर्धा तास चाललं.

"नातू पुण्याला हॉस्टेलवर गेला ना, जाताना ते त्याचं प्लेस्टेशन इथं ठेवून गेला. म्हणाला, आबा, तुम्ही एकटे पडाल, हे बघा. गोल्फचा गेम आहे, पीजीए टूर टू-के एकवीस की काय. मी म्हटलं, बघतील दोन दिवस आणि ठेवून देतील. वहिनी, चार महिने झाले! घरात टीव्ही असून मला मालिका दिसत नाही. दिसतं काय, तर हिरवं गवत. आणि दोन बाप्ये सारखे इंग्रजीत हळूहळू बोलत असतात. एक बोलला की दुसरा 'हो ना, हो ना' केल्यासारखं करतो. आपल्यासारखंच. फक्त कढीपत्ता नाही."

"पण काकांना गोल्फ कुठं येतं?"

"विटीदांडू येत होता. म्हणतात, तेच आहे हे. फक्त वकट-लेंड-मूंड न मोजता उलटं मोजायचं. जितके फटके कमी तितका नंबर वर. आणि शेवटी गोट्यांसारखं गलीत घालायचं. ती गल केवढी ठाऊक आहे? सव्वाचार इंच. जगात कुठंही जा, तेवढीच. आपली आमटीची वाटी असते ना, तेवढी. आणि चारशे-पाचशे यार्डांवरून त्या वाटीत चेंडू घालायचा चार फटक्यांत. एक जास्त लागला की बोगी म्हणतात. मी विचारलं, कुठली, स्लीपर की एसी? तर हसले नाहीत."

काकांचं हे हसू जाणं मी ओळखते. पाटबंधारे खात्यात १९७३ साली ओव्हरसियर म्हणून लागले, शेवटची काही वर्षं दिंडोरी रोडच्या मेरीत. मेरीत धरणांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडतात, सांडव्याखाली ते कसं उसळेल ते बघतात. काका एकदा मला म्हणाले होते, "धरण खोटं असतं, पाणी खरं असतं." असा माणूस खोटं कशाला म्हणायचं आणि खरं कशाला, याबाबतीत फार कडक होतो.

"नातवाला वाटलं होतं, आबा बटणं दाबतील," माई सांगत होत्या. "पण यात तसं नाही म्हणे. पूर्वीच्या खेळांत होतं तसं. एक पट्टी सरकायची. एकदा दाबलं की निघाली, दुसऱ्यांदा दाबलं की जोर ठरला, तिसऱ्यांदा दाबलं की नेम. ते ज्यानं बसवलं तो जपानचा पोरगा होता. इवाता नावाचा. १९८४ साली. पुढं तो त्या निन्टेन्डो कंपनीचा मुख्य झाला. २०१५ साली गेला बिचारा, ११ जुलैला. आणि ऐका, पुढं त्या कंपनीनं नवं यंत्र काढलं, त्यात कुणालाही न सांगता त्याचा तो जुना गोल्फ लपवून ठेवला होता. यंत्रातली तारीख ११ जुलै असेल आणि हातवारे त्याच्यासारखे केलेत, तरच तो उघडायचा. २०१७ साली लोकांना सापडला. नातवानं सांगितलं तेव्हा आमचे हे बराच वेळ गप्प बसले होते."

"कुणी लपवला?"

"असतील ना त्याच्या हाताखालची माणसं. मुख्य गेला की बाकीच्यांना काहीतरी करावंसं वाटतंच."

मग माईंनी मला हातानं दाखवलं. कढीपत्त्याची डहाळीच धरली. या खेळात अंगठ्याखाली एक छोटी दांडी असते. ती मागं ओढायची म्हणजे काठी मागं गेली, आणि झटक्यात पुढं लोटायची म्हणजे फटका बसला. सरळ लोटली नाही तर चेंडू वाकडा. घाई केली तर डावीकडे, रेंगाळलं तर उजवीकडे. "म्हणजे स्वभाव कळतो," माई म्हणाल्या. "नातवाचे सगळे डावीकडे जायचे. यांचे सगळे उजवीकडे. सत्तेचाळीस वर्षं झाली लग्नाला, मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

खरं म्हणजे मीही दोन दिवस त्या हॉलमध्ये जाऊन बसले. लिहिणाऱ्यांना अशी निमित्तं चालतात. आणि माझ्या जे पहिल्यांदा लक्षात आलं ते असं, की या खेळाचं खरेपण चित्रात नाही. झाडं सुरेख आहेत, ढगांच्या सावल्या सरकतात, ते सगळं ठीक. पण खेळ खरा वाटतो तो नकार देतो म्हणून. चेंडू उंच गवतात गेला की पडद्यावर टक्के उमटतात: इथून मारलात तर नेहमीच्या जोराच्या इतकाच पल्ला मिळेल. वाळूत गेला तर आणखी कमी. वारा समोरून असेल तर वेगळा हिशेब, पुढची जमीन चढावर असेल तर वेगळा. चेंडूला जी खड्ड्याखड्ड्यांची कातडी असते, देवी येऊन गेल्यासारखी, तीही उगाच नसते. गुळगुळीत चेंडू हवेत जेमतेम निम्मा जातो. हे खड्डे हवेला चेंडूच्या पाठीशी चिकटवून ठेवतात, ओढ कमी होते, आणि उलटी फिरकी त्याला वर उचलून धरते. त्या फिरकीचासुद्धा खेळात हिशेब आहे. चेंडू हिरवळीवर पडतो, आणि पुढं घरंगळायच्या ऐवजी क्षणभर थांबून मागं येतो. दारापर्यंत येऊन चपला बघून परत फिरलेल्या पाहुण्यासारखा.

"आणि काठ्या किती, तर चौदा," माई म्हणाल्या. "जास्त चालत नाहीत. अमेरिकेत १९३८ पासूनचा नियम आहे. मी म्हटलं, बरोबर आहे, समुद्रमंथनातूनसुद्धा चौदाच निघाली. आणि त्या उचलायला एक माणूस बरोबर. कॅडी. तोच पुढं जमीन कशी आहे ते सांगतो. हे म्हणाले, हा तर खलाशी!"

सर्व्हेच्या कामात लेव्हलिंगचा स्टाफ, म्हणजे ती उंच आकडे लिहिलेली पट्टी, जो धरून उभा राहतो त्याला खलाशी म्हणतात. समुद्राशी काही संबंध नाही. काकांच्या गोष्टींत साहेब कमी आणि खलाशी जास्त असतात.

"पण सुरुवातीला दिवे लागले नव्हते हां," माईंनी आवाज खाली आणला. काका आत होते, दार बंद होतं, तरी. "पहिला महिना नुसती वाळू आणि पाणी. नातू फोनवर सांगायचा, आबा, फटका मागं घ्यायची सोय आहे, चुकला की परत मारा. हे ऐकेनात. म्हणे, लेव्हल बुकात रबर चालत नाही. चुकीचा आकडा एक रेघ मारून खोडायचा, तो दिसला पाहिजे, आणि शेजारी बरोबर लिहायचा. तसे शंभरावर फटके मारत एकेक मैदान पार केलं. मी जेवायला हाक मारली की म्हणायचे, 'अगं, मी वाळूत आहे.'"

"मग जमलं कसं?"

"उतारामुळं."

आणि इथं माईंचा चेहरा फुलला, ते मी तेवढ्यात टिपून ठेवलं.

झालं असं. वाटीच्या भोवतालची जी मऊ हिरवळ, ग्रीन म्हणतात तिला, ती सपाट दिसते पण नसते. कुठं बोटभर चढ, कुठं बोटभर उतार. तिथं चेंडू हलकेच लोटायचा असतो, आणि निम्मे फटके तिथंच जातात. खेळात सोय म्हणून त्या हिरवळीवर चौकड्यांची जाळी उमटते आणि जाळीच्या रेघांवरून बारीक ठिपके सरकत राहतात. जिकडे उतार तिकडे ठिपके, उतार जास्त तर ठिपके जोरात. नातवानं ते समजावून सांगायला सुरुवात केली तर काका म्हणाले, "समजलं. पाटचारी आहे." कालव्याला पाच-पाच हजार फुटांत एक फूट उतार देणारा हा माणूस. डोळ्यांना जे दिसत नाही त्यावर त्यांचं आयुष्य गेलं. ते जाळीकडे बघतच नाहीत. नुसत्या हिरवळीकडे बघतात आणि स्वतःशी पुटपुटतात, "इथं तांब्याभर पाणी ओतलं तर कुठं जाईल?" आणि तिकडून उलटा हिशेब करून चेंडू सोडतात. जातो वाटीत.

हिरवळ किती वेगवान आहे ते मोजायलाही खऱ्या गोल्फमध्ये एक साधी पन्हळ असते. स्टिम्पसन नावाच्या गृहस्थांनी १९३५ साली काढलेली. पन्हळीतून चेंडू घरंगळू द्यायचा आणि तो किती फूट गेला ते मोजायचं. काकांना ही पन्हळ इतकी आवडली, की त्यांनी घरातली ट्यूबलाइटची जुनी पट्टी काढून अंगणातल्या फरशीवर लिंबू सोडून बघितलं. ते लिंबू माझ्याकडे आलं. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं, मी सरबत केलं.

"चार नंबरवाल्यांचे जावई आलेले आठवतात?" माई म्हणाल्या. "ते पुण्याला खरं गोल्फ खेळतात. मेंबर आहेत. टोपी घालून आले होते. म्हणाले, बघू काका तुमचा खेळ. बसले. वहिनी, अकरा फटक्यांनी हरले! आणि मग उठून म्हणाले, खऱ्या मैदानावर या, काका, तिथं वेगळं असतं. आमचे हे म्हणाले, येईन की, पाणी दोन्हीकडे उताराकडेच जातं."

चार नंबरच्या बाईंनी मला हीच गोष्ट सांगितली होती, फक्त त्यांच्या सांगण्यात जावयांची पाठ धरली होती आणि सामना अर्ध्यात सोडला होता. मी दोन्ही ठेवून घेतल्या.

"आणि कपडे!" माईंना एकदम आठवलं. "त्यात स्वतःसारखा माणूस बनवता येतो. चेहरा, केस, सगळं. यांनी केस पांढरे केले, मिशी ठेवली, चष्मा लावला. मला बरं वाटलं. पण पँट गुलाबी! जन्मात खाकी आणि राखाडी सोडून तिसरा रंग घातला नाही या माणसानं. साखरपुड्याला मी बदामी शर्ट सुचवला होता तर म्हणाले, भडक दिसेल."

फ्लोरिडात सॉग्रास म्हणून एक मैदान आहे, ते या खेळात आहे. तिथला सतरावा टप्पा म्हणजे तळ्याच्या मधोमध एक गवताचं बेट. अंतर जेमतेम १३७ यार्ड. पण चेंडू बेटावर पडला नाही की पाण्यात. खऱ्या मैदानावर त्या तळ्यात वर्षाला लाखभर चेंडू पडतात असं सांगतात, आणि ते काढायला पाणबुडे येतात. २०२२ सालच्या तिथल्या मोठ्या स्पर्धेत आपला अनिर्बान लाहिरी, जन्म पुण्याचा, एका फटक्यानं दुसरा आला. एका फटक्यानं! काकांनी हे मला तीन वेळा सांगितलं आहे, तिन्ही वेळा एक बोट वर करून.

"पण त्या तळ्याची गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली नसेल," माई म्हणाल्या. "मैदान बांधलं पीट डाय नावाच्या माणसानं. १९८० मध्ये उघडलं. सगळी जमीन दलदलीची. बाकी ठिकाणी भर घालायला चांगली वाळू हवी, ती नेमकी या सतराव्याच्या जागी निघाली. उपसता उपसता एवढा मोठा खड्डा झाला, की टप्पा करायला जागाच उरली नाही. तेव्हा त्याची बायको, ॲलिस, ती स्वतः मोठी खेळाडू, ती म्हणाली, पाणी भरू दे आणि मधे बेट ठेवा. झालं! जगातला सगळ्यात गाजलेला टप्पा. हे बघून आमचे म्हणाले, अगं, हा तर बॉरो पिट! धरणावर माती काढून खड्डे राहतात ना, त्याला म्हणतात. मी म्हटलं, हो, आणि अक्कल बायकोची."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. माईंनी डहाळ्या मोजल्या, मला चार दिल्या, स्वतःला दोन ठेवल्या, आणि जायला वळल्या. मग गेल्याच नाहीत.

"आता खेळत नाहीत ते फारसे," म्हणाल्या.

"म्हणजे? पाच वाजल्यापासून हॉलमध्ये आहेत म्हणालात."

"बांधताहेत. त्या खेळात स्वतःचं मैदान करता येतं. जमीन उचलायची, दाबायची, झाडं लावायची. दोन महिने तेच. शेजारी ती जुनी पत्र्याची पेटी उघडलेली. टोपोशीट, लेव्हल बुकं, सगळं पसरलेलं. आता तर म्हणे विमानातून लेझर मारून मैदानं मोजतात आणि तशीच्या तशी खेळात आणतात. हे म्हणाले, माझ्याकडे डम्पी लेव्हलचे आकडे आहेत, ते पुरतील."

मी काही बोलले नाही. भिंतीवर गप्पा मारताना कुठं थांबायचं ते वर्षांनी कळतं.

माईंचं माहेर नाथसागरात आहे. पैठणच्या खाली नव्हे, वर, जिथं १९७६ साली धरणाच्या सत्तावीस दरवाजांमागं पाणी उभं राहिलं तिथं. आमच्या गंगापूर धरणातून तिकडे पाणी सोडायचं म्हटलं की नाशिकमध्ये दरवर्षी वाद होतो, गल्लीतले लोक तावातावानं बोलतात, आणि माई त्या वेळी हमखास दळण आणायला निघून जातात. काकांची पहिली नेमणूक तिथलीच. पाणी कुठवर चढेल त्या रेषेवर खुणा करायच्या, हे काम. १५२२ फूट. हा आकडा त्यांच्या तोंडी फोन नंबरासारखा असतो. त्याच खुणा करताना त्यांनी माईंच्या वडिलांच्या खळ्यात स्टाफ उभा केला होता आणि बेंचमार्क मारुतीच्या पायरीवर कोरला होता. लग्न पुढं तीन-चार वर्षांनी झालं, पण ओळख ती.

"परवा मला बोलावलं," माई सांगत होत्या. "म्हणाले, जरा बघ, चढ बरोबर आहे का. मी म्हटलं, मला काय कळतंय तुमच्या गोल्फमधलं. पडद्यावर गवत. एक टेकाड. टेकाडावरून वाट खाली येते, मधे वळते. मी बघत राहिले. म्हटलं, अहो, ही वाट अशी सरळ नव्हती, इथं पाटलांचा गोठा होता, त्याला वळसा घालून जायचं. यांनी मुकाट्यानं वळण दिलं. मग मी म्हटलं, चिंच कुठाय? तर त्या खेळात चिंच नाही! साहेबाची झाडं सगळी. तिच्यासारखा घेर असलेलं कुठलंतरी झाड शोधून लावलं त्यांनी. लांबून चालतं. जवळ जायचं नाही. आणि नदी पूर्वीच्याच पात्रात. तेवढीच. खेळात तळी, खाड्या, पाहिजे तेवढं पाणी घालता येतं, नातू म्हणाला, आबा, पाण्याशिवाय मजा नाही. यांनी एक थेंब जास्त घातला नाही."

"आणि तुमचं घर?"

"घराच्या जागी नुसतं चौकोनी गवत ठेवलंय. भोवती पांढरे खुंट. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, आउट ऑफ बाउंड्स. गोल्फमध्ये पांढऱ्या खुंटांपलीकडे खेळायचं नसतं. चेंडू तिथं गेला की तो गेला, मूळ जागी येऊन परत मारायचा, वर एक फटका दंड. म्हटलं, तुमच्या खुणा काही सुटत नाहीत. तेव्हाही आमच्या दारात खुंट ठोकले, आत्ताही. तर म्हणाले, तेव्हाचे पाण्यासाठी होते. हे चेंडू येऊ नयेत म्हणून."

आतून काकांनी हाक मारली. चहाची असावी. माईंनी ओ दिली नाही.

"काल दुपारी झोपले होते, तेव्हा मी ते यंत्र हातात घेतलं. टेकाडावरून पहिला फटका. मागं ओढायचं, पुढं लोटायचं, येतं आता मला. वाट सोडून सरळ चेंडू आमच्या खुंटांच्या आत. आज पहाटे ते आंघोळीला गेले, तेव्हा पुन्हा तिथंच."

"चुकून?"

"नेम धरून," माई म्हणाल्या. "दंड पडतो एक फटक्याचा. पडू दे."